एकतीस बाय चार

रत्नागिरी,
वैशाख वद्य षष्ठी, शके १८५५

प्रिय सुलेमान,

टायर बसले. दोन्ही बसले. पोस्टकार्डावर मी तेवढंच लिहिलं होतं, ‘टायर बसले, घाट चढलो’, आणि तेवढ्यावर तू खूश झालास हे तुझ्या उत्तरावरून कळलं. दुकानातल्या माणसांनाही तू ते कार्ड वाचून दाखवलंस म्हणे. कार्डावर जागा कमी असते, आणि खरं सांगायचं तर मला तेवढीच जागा हवी होती. आज मात्र कागद घेऊन बसलोय. येसू विहिरीवर गेलीय, मथुरा पडवीत पडलीय, आणि मी घरामागच्या मांगरात आपल्या म्हातारीच्या पायरीवर बसून हे लिहितोय. म्हातारी म्हणजे आपली गाडी, हे तुला सांगायला नको. पण हल्ली आमच्याकडे कोणी म्हातारी म्हटलं की मला क्षणभर येसूच वाटते, इतकी ती या चार महिन्यांत वाळलीय.

आधी टायरचंच लिहितो. ते लिहायला सोपं आहे.

तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस की जुन्या टायरच्या अंगावर आकडा काय आहे तो लिहून पाठव. अरे, आकडा असता तर पाठवला नसता? आपले मागचे टायर म्हणजे निम्मं रबर आणि निम्मं चामडं. चपला शिवणाऱ्या बाबल्यानं त्यांना इतकी ठिगळं लावलीत की मूळ टायर कुठला आणि बाबल्या कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आकडा कधीच झिजून गेला. मग मी आपल्याकडची रीत केली. मुंबईहून वहाणा मागवायच्या तर आपण पायाला दोरा लावून माप पाठवतो, बांगड्या मागवायच्या तर मुठीला दोरा लावतो. मी टायरला दोरी लावली. एवढा लांब सुती दोरा घरात नव्हता म्हणून सुंभ घेतलं. चांगलं ओढून, ताणून, चाकाभोवती फिरवलं, गाठ मारून कापलं, आणि पुडक्यात घालून मांडवीच्या धक्क्यावरून बोटीनं मुंबईला तुझ्याकडे रवाना केलं. काथ्याची दोरी ओढली की लांबते आणि सोडली की आखडते, हे कोकणातल्या गुराख्यालाही ठाऊक असतं. मी जन्मभर त्याच सुंभानं माल बांधत आलो, गाडी घाटात धडधडली की गाठी सैल पडतात म्हणून दर थांब्याला उतरून आवळत आलो, आणि नेमकं त्या दिवशी विसरलो. तुझ्या हातात पडेपर्यंत ते वीतभर आखडलं होतं. तू बिचाऱ्यानं मापाबरहुकूम अठ्ठावीसचा टायर धाडलास.

तो टायर चाकावर चढवायला मी आणि बाबल्या दुपारभर लोंबकळलो. साबण लावला, खोबरेल लावलं, पहारीनं ताणला. बाबल्या म्हणाला, ‘भाऊ, ह्यो टायर नाय, ही वयनीची बांगडी हाय.’ बंदरावर बातमी गेली. मग काय, रिकामटेकड्यांना निमित्तच मिळालं. रावजीनं टायरला चोळी शिवायला टाकलीय म्हणून हसणारे हसले. मीही हसलो असतो, एरवी असतं तर. टायर उलट बोटीनं तुझ्याकडे परत गेला आणि दुसरे यायला चैत्र संपत आला.

तू म्हणशील, एवढी घाई कशाची होती ते मला माहीत आहे, पुन्हा कशाला उगाळतोस. उगाळू दे. येसूपाशी बोलता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगायला जीभ उचलत नाही.

मथुरेला लांज्याहून तिच्या सासरच्यांनी पौषात आणून सोडलं. हवापालटाला म्हणाले. हवापालटाला येणारी पोर लग्नातली भांडी परत घेऊन येत नाही, एवढं तर मला कळतं. मी जावयाकडे पाहिलं, तो बैलांच्या शेपट्यांकडे पाहत होता. पोरीसमोर काय बोलणार? तिला उतरवून घेतलं तर हातात वजनच नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, बाबा, म्हातारी अजून चालते का? लहानपणी तू तिला चाकाशी बसवायचास, आठवतं? मधल्या पेठेतून जाताना भोंगा वाजवायचं काम तिचं असायचं, आणि ती कोंबडं दिसलं तरी वाजवायची. त्या निवृत्त साहेबाची ही मोटर आपण दोघांनी घेतली, मागची गाद्यांची बैठक कापून काढली, फणसाच्या फळ्यांचा हौदा बसवला, तेव्हा मथुरा त्या काढलेल्या बैठकीवर आठ दिवस मांगरात राणीसारखी बसून होती. त्या हौद्यातून आपण किती आंबा नेला, किती सुकी मासळी नेली. तिच्या लग्नाचं वऱ्हाडही त्यातूनच गेलं.

इथल्या डॉक्टरनं छाती ठोकून पाहिली आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, क्षय आहे. ही दमट हवा तिला मारील. पाऊस पडायच्या आत तिला घाटावरच्या कोरड्या हवेत न्या, तिथं या आजाराचं इस्पितळ आहे, तिथं ठेवून घेतलं तर आशा आहे. घाटावर न्यायची. एवढंच तर काम होतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं, माल घाटावर नेला आणि रिकामा हौदा खाली आणला.

आपल्या म्हातारीचे टायर त्या लायकीचे नव्हते म्हणून मी आधी सर्विस मोटरीत तिकिटं काढली. हातखंब्याच्या अलीकडे मथुरेला उबळ आली आणि तोंडाला लावलेला पदर लाल झाला. मोटरीतली माणसं एकेक करून उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कोणी वाईट बोललं नाही, सुलेमान. एका बाईनं तर उतरताना मथुरेच्या पायावरची शाल सारखी केली. पण उतरली. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा, तो नुसता हात जोडून उभा राहिला. मी त्यांना काय दोष देऊ? माझ्या शेजारी दुसऱ्याची पोर अशी खोकली असती तर मीही उतरलो असतो. मग बैलगाडी करून पाहिली. लोखंडी धाव, जांभ्याचा रस्ता, प्रत्येक दगड तिच्या छातीत वाजायचा. पालीपर्यंतही पोचलो नाही. परत फिरलो, आणि तेव्हाच मी ठरवलं की न्यायची तर म्हातारीतूनच, आणि तिला टायर घालायचे ते असे घालायचे की पोरीला धक्का लागता कामा नये. त्यासाठी सगळी उठाठेव.

मग तुझं दुसरं पत्र आलं. तीस बाय साडेतीन हे म्हातारीचं मूळ माप, पण ते आता मुंबईत मिळेनासं झालंय, जे सापडतात ते वखारीत पडून कडक झालेले आणि चिरा गेलेले. एकतीस बाय चार मात्र नवे आलेत, तेच घे, असं तू लिहिलंस. मी बाबल्याला विचारलं तर तो म्हणाला, नाकापेक्षा मोती जड. मलाही तेच वाटलं. अठ्ठावीसचा धडा ताजा होता. तिसाच्या चाकावर एकतिसाचा कसा बसणार? पण तू खाली गणित करून दाखवलं होतंस. पहिला आकडा म्हणजे टायर उभा केला की खालून वरपर्यंतची उंची, दुसरा म्हणजे त्याची जाडी, आणि जाडी वर एकदा आणि खाली एकदा म्हणून दुप्पट वजा करायची. तिसातून सात गेले तेवीस. एकतिसातून आठ गेले तेवीस. आतलं चाक तेच, नुसतं अंग भरलेलं. मी ते गणित बोटांवर केलं, मग जमिनीवर काडीनं केलं, मग मथुरेकडून करवून घेतलं. ती पडल्यापडल्या म्हणाली, बाबा, तेवीसच येतात, कितीदा विचारशील.

आणि एक नको, दोन घे, जोडीनंच घे, हेही तू बजावलंस ते फार बरं झालं. मी एकावरच भागवणार होतो. एका बाजूला उंच टायर आणि दुसऱ्या बाजूला बुटका म्हणजे मागच्या आसातले दात सरळ रस्त्यावरही एकमेकांना खात बसणार, गाडी एका अंगाला ओढणार, आणि घाटाच्या मध्यावर आस फुटला तर पोरीला घेऊन मी कुठं जाणार होतो? दोन्ही मोठे मागे, आणि जुन्यातले त्यातल्या त्यात धड ते पुढे. त्यात तोटा एकच, तोही तू लिहिला होतास. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात वाट जास्त कापतं, म्हणून चढावर इंजिनला दम जास्त लागतो. म्हातारीचा दम किती ते तुला माहीत आहे. तरी मी मोठेच घेतले, ते हवेसाठी. साडेतीनच्या टायरमध्ये हवा ठासून भरावी लागते, नाहीतर कड चाकातून सुटते. ठासून भरलेला टायर दगडावर दगडासारखाच आपटतो. चारचा टायर जाड, त्यात हवा जरा कमी ठेवली तरी तो ओझं पेलतो आणि धक्का आपल्या पोटात घेतो. बाकी सगळ्या बाजारानं मला उंची सांगितली, जाडी सांगितली, भाव सांगितला. मथुरा मऊ बसून जाईल का, हे तू एकट्यानं पाहिलंस. ते मी विसरणार नाही.

टायर चढले तेही कसे, हातानं. खडूची पूड लावली, कडा सारल्या आणि चटकन जागच्या जागी बसल्या. बाबल्या बघतच राहिला. आता हवा किती, हे कोण सांगणार? मी काय केलं सांगतो, तू हसशील. हौद्यात पेंढा पसरला, त्यावर गोधडी घातली, आणि गोधडीवर काठोकाठ भरलेली कळशी ठेवली. मग म्हातारी हातखंब्याच्या रस्त्याला काढली. परत आलो तेव्हा कळशी अर्धी. थोडी हवा सोडली, पुन्हा भरली कळशी, पुन्हा गेलो. फार सोडली तर टायर चाकावर सरकायला लागला, ट्यूबचा हवा भरायचा कोंब तिरका झाला, म्हणून परत चार हात पंप मारला. असं करता करता एकदा कळशी जवळजवळ भरलेलीच परत आली. मथुरा पायरीवर बसून हे सगळं पाहत होती. म्हणाली, बाबा, मला नेण्यापेक्षा कळशीलाच ने, ती खोकत नाही. येसूनं तोंडाला पदर लावला आणि आत गेली. मी मात्र त्या दिवशी खूप दिवसांनी पोटभर जेवलो. मला वाटलं, आता झालं. एवढं एक नीट जमलं की बाकीचं जमेल. माणूस किती मूर्ख असतो बघ, मी त्या कळशीतल्या पाण्याकडे पाहून पोरीचं आयुष्य मोजत होतो.

निघालो ते पहाटे. येसू यायला निघाली होती, पण मथुराच नको म्हणाली, घरची गाय व्यायला झालीय, तू राहा. तुझ्या घरून खतिजाभाभीनं वेशीपर्यंत येऊन चाकांवर पाणी शिंपडलं आणि काहीतरी पुटपुटली. पाली मागं पडली, बैलगाडीनं जिथून परत फिरलो ती जागा मागं पडली. साखरप्याला चहा घेतला, मथुरेनं चहात बुडवून चक्क अख्खा बटर खाल्ला. एकदाही उबळ नाही. मी मध्ये मध्ये उतरून टायरला हात लावून पाहायचो, जुन्या सवयीनं. गरम होते पण धड होते. पुढं घाट लागला आणि म्हातारीनं माझी परीक्षा पाहिली. वरच्या खिंडीच्या अलीकडचं ते उभं वळण तुला आठवत असेल. पेट्रोलची टाकी सीटखाली, त्यात पेट्रोल थोडं, चढ एवढा की ते इंजिनापर्यंत उतरेना, आणि त्यात ही मोठी चाकं. गाडी धापा टाकून उभी राहिली. मग आपण पूर्वी करायचो तेच केलं. तोंड फिरवलं आणि उलटी चढवली. मी मान मोडून मागं बघत होतो, हौदा पुढं, बोनेट कोकणाकडे. मथुरा तक्क्याला टेकून बसली होती. म्हणाली, ‘बाबा, मी तुझ्या आधी पोचतंय बघ घाटावर.’ आणि टाळी वाजवली. एकच वाजवली, तेवढ्यानं दमली. पण वाजवली. सुलेमान, त्या वळणावर तू हवा होतास. जुन्या टायरवर ती चढण चढलीच नसती, दोन्हींपैकी एक कुठंतरी फुटलाच असता. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितोय.

वर हवा कोरडी होती. मलकापूरच्या पुढे तिनं दोन-तीनदा छातीभर श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, बरं वाटतंय अशी. कोल्हापुरात मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी इस्पितळात पोचलो. एवढ्या वाटेत पंक्चर नाही. एक खिळा नाही, एक चीर नाही.

डॉक्टर म्हातारा होता आणि भला होता. त्यानं तिला तपासलं, छातीचा फोटो काढला, आणि मला आत बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं. मला कोणी खुर्चीवर बसवलं की मी समजतो. दोन्ही बाजूंना काही उरलेलं नाही, असं म्हणाला. इथली खाट ज्यांचं बरं होण्यासारखं आहे त्यांच्यासाठी ठेवावी लागते, ठेवून घेऊन तुमची आणि तिची ताटातूट करण्यात अर्थ नाही. घरी न्या, तिच्या माणसांत ठेवा, तिला आवडेल ते खायला घाला, तिची ताटवाटी मात्र वेगळी ठेवा आणि तान्ह्या मुलांना जवळ नेऊ नका. मी विचारलं, किती? तर म्हणाला, पावसाच्या पलीकडे मी बोलू शकत नाही. मग मी तेही विचारलं जे तुझ्या मनात येईल म्हणून मला विचारायलाच हवं होतं. पहिला टायर चुकला नसता आणि महिनाभर आधी आणली असती तर? तो म्हणाला, दिवाळीला आणली असतीत तरी मी हेच सांगितलं असतं, ही छाती सासरीच संपली होती. तेव्हा तू, मी आणि सुंभ, तिघेही सुटलो. सुटून काय करायचं ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

बाहेर आवारात म्हातारी उभी होती. टायर नवेकोरे दिसत होते, त्यांच्यावरची नक्षीसुद्धा झिजली नव्हती. मी त्यातल्या एकाला लाथ मारली. मग लाज वाटली आणि हात फिरवला. लोक बघत होते. त्यांना काय कळणार? सगळं बरोबर केलं होतं रे. माप बरोबर, जोडी बरोबर, हवा बरोबर. एवढं सगळं बरोबर करून माणूस जिथं पोचायचं तिथं पोचतो, आणि तिथं काहीच नसतं.

मथुरेला मी काही सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. परत घाट उतरताना, आंबा गावाखालच्या वळणांवर, ती एवढंच म्हणाली, ‘आयेला नको सांगूस.’ मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घरी पोचलो तर येसू दारातच उभी. मी गाडीतून उतरायच्या आधीच बोलून बसलो की सध्या खाट रिकामी नाही, पाऊस संपला की बोलावलंय. हे वाक्य मी वाटेत ठरवलेलं नव्हतं, तिचा चेहरा पाहून तोंडातून निघालं. आणि येसूनं ते धरून ठेवलंय. ती आता रोज घाटावरच्या थंडीसाठी गोधडी शिवतेय. जुनी लुगडी फाडून, दुहेरी अस्तर लावून. संध्याकाळी ती मला दाखवते आणि विचारते, एवढी जाड पुरेल ना तिथं? मी पुरेल म्हणतो. माझ्या कार्डाला तुझं उत्तर आलं त्या दिवशी खतिजाभाभी हातीसच्या दर्ग्याला जाऊन आली. टायर बसले आणि लेक घाट चढली तर मलिदा करीन असं तिनं कबूल केलं होतं. भला मोठा डबा घेऊन आली, मथुरेच्या हातावर स्वतः ठेवला आणि येसूच्या गळ्यात पडून दोघी रडल्या, आनंदानं. मथुरेनं मलिदा खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यापुढं मी मांगरात निघून आलो. तेव्हापासून इथंच असतो बहुतेक. चाकं पुसतो. दुसरं काम नाही, आंब्याचा माल यंदा मी घेतलाच नाही.

म्हणजे घरात मथुरेला ठाऊक, मला ठाऊक, आणि आम्ही दोघं येसूसमोर पावसानंतरच्या गोष्टी बोलतो. आता मथुरेला बोलायलाही दम लागतो. काल ती मला खुणेनं म्हणाली, पुरे. मला वाटतं ती खोटं बोलून थकलीय. मरणाऱ्या माणसाला निदान खोटं बोलायचं काम तरी नको. आणि येसूचं काय? ती गोधडी पुरी होईल, त्याच गोधडीत तिला पोर गुंडाळावी लागेल, आणि तोवर तिला कोणी सांगितलेलं नसेल, तर ती मला जन्मभर माफ करणार नाही. तिला लेकीपाशी बसून रडायला चार दिवस मिळायला हवेत. मी तीनदा सांगायला गेलो. एकदा विहिरीपर्यंत गेलो आणि तिची कळशी उचलून परत आलो. सुलेमान, माझी जीभच वळत नाही.

म्हणून हे पत्र. तू खतिजाभाभीला पत्र धाडतोस ते दर वेळी मीच आमच्या पडवीत बसून वाचून दाखवतो, आणि येसू शेजारी बसून ऐकते. या वेळचं पत्र पावसानं बोटी बंद व्हायच्या आत धाड. त्यात हे लिही. रावजीनं मला कळवलंय असं लिही, त्याला स्वतःला सांगायचा धीर झाला नाही असंही लिही, मी तेही वाचीन. मथुरेच्या अंथरुणाशेजारी बसूनच वाचीन, तिची परवानगी मी घेतलीय. आपलं बोलणं मला मध्येच गिळता येतं, पण वाचताना डोळे पुढं जातात आणि तोंडाला त्यांच्यामागं जावं लागतं. फक्त एक कर. सुरुवातीलाच लिही, खुशाली विचारायच्या आधी, आणि दोन ओळींत लिही. लांबवलंस तर मी थांबेन.

तुझाच,
रावजी